पातेलं घरात आहे का?

आमच्या वन्संना बंदरात कुणी नावानं हाक मारत नाही. ठिपकेबाई म्हणतात. त्यांना त्याचा राग येत नाही, मला येतो. एकदा बाजारात एक बाई त्यांची नक्कल करत होती, तिला मी चारचौघींत सुनावलं, "तुझा नवरा बुडायला लागला ना, की ह्याच ठिपकेबाईच्या नावानं गळा काढशील!" ती अजून माझ्याशी बोलत नाही. न बोलेना का!

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. बंदरावरच्या कंट्रोल रूममध्ये बसतात. नाव मोठं, खोली एवढीशी. दोन टेबलं, कुरकुरणारा पंखा, वायरलेसचं यंत्र आणि भिंतभर पडदा. पडद्यावर समुद्र, आणि समुद्रात हिरवे ठिपके. एक ठिपका म्हणजे एक बोट. प्रत्येक बोटीच्या टपावर सरकारनं एक डबा बसवलाय, बोट कुठे आहे ते तो सांगतो. संकट आलं तर दाबायला त्याच्यावर लाल बटणही आहे. पडद्यावर एक जाड रेघ आहे, तिच्या पलीकडे शेजारचा देश. आणि रेघेच्या अलीकडे, तिला अगदी चिकटून, पिवळा पट्टा. तिथे कासवं जमतात, म्हणून हंगामात मासेमारी बंद. आणि मासेमारी बंद, म्हणून मासळी रग्गड! आता मांजरासमोर दूध ठेवायचं आणि सांगायचं, बघायचं नाही हं.

आमचे हे त्यावरून नेहमी भांडायचे. "कासवांना पोरंबाळं आहेत, आणि आमची काय वाऱ्यावर सोडायची?" वन्सं शांतपणे म्हणायच्या, "आज सगळं ओरबाडलंस तर तुझी पोरं काय पकडतील? पाणी?" मग हे माझ्याकडे बघून म्हणायचे, "बघितलंस? ही सरकारची बहीण आहे, माझी नाही."

पण वन्सं त्या खोलीत का जाऊन बसल्या, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्या शाळेत होत्या तेव्हा माझे सासरे रेघ ओलांडून गेले. मुद्दाम नाही, वाऱ्यानं नेलं. पलीकडच्या गस्तवाल्यांनी बोट धरली आणि सासरे तिकडच्या तुरुंगात गेले. परत आले ते काही वर्षांनी, निम्मे होऊन. मी सून म्हणून आले तेव्हा ते ओसरीवर बसून असायचे. घराचं दार कुणी लावलं की त्यांचा जीव घाबरा व्हायचा. "उघडं ठेवा, उघडं ठेवा." थंडीवाऱ्यातसुद्धा आम्ही दार सताड उघडं टाकून झोपायचो. सासरे गेले, तेव्हा कुठे कडी लावायला लागलो.

आता पातेल्याचं सांगते. आमच्याकडच्या तांडेलांची, म्हणजे बोट चालवणाऱ्यांची, एक खोड आहे. चांगली मासळी लागली की त्या डब्यावर अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं पालथं घालायचं आणि तारेनं करकचून बांधायचं. ठिपका गुल! सरकारला चुकवायला म्हणाल, तर तेही आहेच. पण खरी भीती एकमेकांची. कंट्रोल रूममध्ये कुणाचा ना कुणाचा मेहुणा असतोच, आपली जागा फुटली तर उद्या तिथे जत्रा भरेल. हे सगळ्यांना ठाऊक, वन्संच्या साहेबांनासुद्धा.

म्हणून वन्संनी आपली एक रीत काढली होती. ती कुठल्या नियमात नाही. ठिपका गेला की त्या आधी तांडेलाच्या घरी फोन लावायच्या. बायकोला एकच विचारायचं, "पातेलं घरात आहे का?" नसलं, तर स्वारीचा चावटपणा. चार शिव्या घालायच्या आणि वाट बघायची. पातेलं घरात असलं, तर मात्र काहीतरी खरंच बिघडलंय, लगेच गस्तीच्या बोटीला कळवायचं. ह्या एका प्रश्नानं त्यांनी किती माणसं वाचवली असतील, देव जाणे.

त्या दिवशी दुपारी तो फोन मला आला. हॅलो नाही, काही नाही.

"पातेलं घरात आहे का?"

मी फळीकडे बघितलं. भाताचं मोठं पातेलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला.

"नाही हो वन्सं, नेलंय त्यांनी. घाला शिव्या."

त्या हसल्या नाहीत. "पट्ट्यात होता. रेघेच्या अगदी जवळ. बराच वेळ झाला गं."

हातातलं काम टाकलं आणि तशीच निघाले. कंट्रोल रूमच्या दारात पोचल्यावर बघते, तर एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात ह्यांची.

वन्सं वायरलेसवर हाका मारत होत्या. पलीकडून नुसती खरखर. साहेब मागे उभे होते. माणूस चांगला. म्हणाले, "बाई, भाऊ आहे तुमचा. मी काही बघितलं नाही. थोडं थांबू. आत्ता गस्तीला कळवलं तर पट्ट्यात रंगेहाथ सापडेल, परवाना जाईल."

"ऐका ना वन्सं," मी त्यांचा हात धरला. "साहेबच म्हणतायत थांबू. पातेलं आहे ना बोटीवर? मग झालं तर! दरवेळी येतात तसे येतील."

"दरवेळी तो इतका वेळ पातेलं ठेवत नाही. भित्रा आहे तो. बाबांचं झाल्यापासून रेघेचं नाव काढलं तरी त्याला घाम फुटतो. जाळं ओढलं की पळत सुटतो, आणि पळाला की पातेलं काढतो. आज वारा तिकडेच लोटतोय गं."

"आणि परवाना गेला तर आम्ही खायचं काय, धोंडे?" माझा तोल सुटला. "तुमच्या जिवावर कुणाची चूल आहे का? म्हणून जमतं तुम्हाला!"

पंखा तेवढा कुरकुरत होता. वन्संनी माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला, फोन उचलला आणि आपल्या सख्ख्या भावाच्या बोटीचा नंबर स्पष्ट आवाजात सांगितला. मग खुर्चीत बसल्या आणि पडद्याकडे एकटक बघत राहिल्या.

संध्याकाळ व्हायच्या आत निरोप आला. सापडले. बोटीखालच्या पंख्यात दोर अडकून इंजिन बंद पडलं होतं. ते चालू करता करता बॅटरी उतरली, म्हणून वायरलेस मुका. पलीकडच्या गस्तीच्या बोटीवरची माणसं दिसायला लागली होती म्हणे. आणि आमचे हे दुपारपासून ते लाल बटण दाबत होते! पातेल्याखाली कशीबशी बोटं सारून. बांधलेलं पातेलं काढायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही. भीतीनं माणसाची मती गुंग होते म्हणतात, ती अशी.

हंगामापुरता परवाना गेला. हे घरी आले. जेवले नाहीत, चिडले नाहीत, भिंतीला टेकून बसून राहिले. दिवेलागणीला वन्सं आल्या, तर ह्यांनी मान फिरवली. "पकडून दिलंस," एवढंच म्हणाले. त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. आत या म्हणायचं तोंड मला नव्हतं. त्या वळल्यावर मी दार लावायला गेले, तर मागून ह्यांचा आवाज आला.

"राहू दे उघडं."

वन्सं पायरीवर थबकल्या. त्यांनीही ऐकलं होतं. मग पदर तोंडाला लावून भरभर निघून गेल्या.

तो सगळा हंगाम मी दुसऱ्यांच्या बोटींची मासळी निवडली. दार रोज उघडंच असायचं. बहीणभावाचं बोलणं बंद. मीच मधल्यामध्ये जेवणाचा डबा घेऊन कंट्रोल रूममध्ये जायची. माफी मागायची मनात असायची, पण तोंडातून निघायचं ते, "किती वाळलात, खात जा जरा." वन्सं समजून घ्यायच्या.

परवाना परत मिळाला. हे देवाशपथ म्हणाले, पट्ट्याकडे फिरकणार नाही. मी म्हटलं, शपथ तुमच्याकडे ठेवा, पातेलं माझ्याकडे राहील. कपाटात घातलं, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. पहाटे बोट गेली. मी मुद्दाम गाणं गुणगुणत केर काढला, कपडे धुतले. मनातली धाकधूक काही जाईना.

दुपारी पीठ चाळून कणीक भिजवायला बसले. परातीसाठी हात मागे केला, तर परात नाही. मोरीत बघितलं, माळ्यावर बघितलं, शेजारी विचारलं. आधी वाटलं, कुठे जाणार आहे, घरातच असेल. मग ह्यांची सकाळची घाई आठवली, ते माझ्याकडे न बघता निघाले होते ते आठवलं. पिठाच्या हातांनीच फोन लावला.

"वन्सं, पातेलं घरात आहे."

"हो, मग?"

"परात नाहीये."

पलीकडे पंखा कुरकुरत होता, तो ऐकू आला. मग त्या हळूच म्हणाल्या, "ठिपका आत्ताच गेला गं. पट्ट्याच्या तोंडाशी. साहेब म्हणतायत थांबू. तू काय म्हणतेस?"

ह्या वेळी कळवलं तर परवाना कायमचा जाणार होता, ते दोघींनाही ठाऊक होतं.

"कळवा," मी म्हटलं, आणि दार तसंच उघडं टाकून बंदराकडे पळत सुटले.