दातवाला अकोल्याहून काहून निघाला

माझ्या धाकट्या लेकीचा गाल सुजला, त्या हिवाळ्यात अमरावतीत रोज नवा माणूस दिसायचा. समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेत जायचा थांबला होता, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना कोणी कधी ऐकला नव्हता असा भाव आला होता. कापसामागे व्यापारी आले, व्यापाऱ्यांमागे दलाल आले, आणि त्यांच्यामागे सुरमा विकणारे, हात पाहणारे, हाडं बसवणारे, दात काढणारे. कोण कुठला, हे विचारायला कोणाला सवड नव्हती.

आम्ही माळी. गावाच्या कडेला वांगी, मेथी आणि शेवंतीचा मळा. मला लिहिता येत नाही; मी सांगते तसं सून लिहून घेते आहे.

पोरगी सात वर्षांची असेल. उजवीकडची खालची दाढ किडली होती. आधी लवंग धरली, मग हळदीचा लेप, मग मिठाच्या पाण्याच्या चुळा. गाल इतका वर आला की तो डोळा अर्धा मिटलेला दिसायचा. आमचा जुना न्हावी दात काढायचा, पण एवढी सूज पाहून तो म्हणाला, थांबा, आत पू आहे, आत्ता हात लावणार नाही. तेव्हा शेजारणींनी दातवाल्याचं नाव काढलं.

तो कापसाच्या बाजारामागे एका गवती छपरात बसायचा. अंगात पांढरा स्वच्छ अंगरखा, बोटांची नखं कापलेली, बोलणं इतकं मऊ की पुढे वाकून ऐकावं लागे. त्याच्या मागे जाड निळा पडदा होता आणि पडद्याबाहेर एक माणूस ढोलकी घेऊन बसलेला असे. लेकराला पडद्याआड नेलं की ढोलकी सुरू व्हायची. ती थांबली की बापाला आत बोलवायचे, आणि बाप खांद्यावर झोपलेलं लेकरू घेऊन बाहेर यायचा. रडणं नाही, रक्त फारसं नाही. आयांचं म्हणणं एकच, लेकराले कळतसुद्धा नाई, झोपेतच दात निघते.

आयांना मात्र तो आत येऊ देत नसे. माय जवळ असली की लेकरू अंग चोरते, असं त्याचं म्हणणं. ते मला पहिल्यांदा खुपलं.

मी पोरीला घेऊन गेले तेव्हा त्याने तिचा जबडा दाबून पाहिला आणि म्हणाला, चार रोज जाऊ द्या, सूज थोडी उतरली की आणा. तिने त्याच्याकडे पाहून तोंड फिरवलं नाही, उलट हसली. संशय यावा असं त्यात काही नव्हतं. निघता निघता मी सहज विचारलं, याआधी कुठं होता?

तो म्हणाला, अकोल्याले दोन हिवाळे काढले.

माझं माहेर अकोल्याचं. मी आनंदानेच म्हटलं, मग आमचं गाव काहून सोडलं?

"पाणी मानवलं नाई, बाई."

मी म्हटलं, मोर्णा नदीचं पाणी पिऊनच मी वाढले, त्यानं कोणाचं बिघडलेलं मी तरी ऐकलं नाही. तो हसला. हसताना त्याने फक्त ढोलकीवाल्याकडे पाहिलं, आणि त्या माणसाने ढोलकी वाजवायला सुरुवात केली. पडद्याआड तेव्हा कोणीच नव्हतं.

घरी आल्यावर मी मालकांना, म्हणजे पोरीच्या बापाला, सांगितलं की या माणसाची आधी अकोल्यात विचारपूस करू. त्यांना ते पटेना. अर्धं गाव त्याच्याकडे जातं, मोठ्या अडत्याची नातसुद्धा त्याच्याकडेच गेली होती, आणि तू काय सोयरीक जुळवून राहिली का, असं ते म्हणाले. मी म्हटलं, सोयरीक जुळवताना चार घरं विचारतो, बैल घेताना त्याचे दात पाहतो. आणि लेकराच्या तोंडात हात घालणाऱ्या माणसाला काहीच विचारायचं नाही?

त्याच सुमारास माझा दादा कापसाची गाडी घेऊन अमरावतीला आला. त्याला विचारलं तर तो डोकं खाजवत राहिला. तो वर्षभर खामगावच्या वाटेवरच होता, गावात थोडाच टिकला होता. असा एक होता म्हणे, त्याच्यावरून पंच बसले होते, एवढंच त्याला ठाऊक होतं. म्हणाला, मामाले विचार, तो त्या पंचांत होता.

तिकडे माझी आईही आजारी होती. मी दादाच्या रिकाम्या गाडीतून अकोल्याला जायचं ठरवलं. पोरीला नेणं शक्य नव्हतं. गाडीच्या एकेका हिसक्याला तिचा जीव गेला असता. निघताना मी मालकांना म्हटलं, मी येईपर्यंत तिले त्याच्याकडे नेऊ नका. ते हो म्हणाले. सासूबाईही हो म्हणाल्या.

दोन-तीन मुक्कामांची वाट. समोरून कापसाच्या गाड्यांची रांग संपतच नव्हती. बाभळीच्या काट्यांना कापूस अडकून दोन्ही बाजूंची झाडं पांढरी झाली होती. दादा बैलांशी बोलत होता आणि मी मनाशी. बदनेऱ्याच्या पुढे मला वाटायला लागलं की आपण उगीच निघालो. मूर्तिजापूरला वाटलं, परत फिरावं. पण तेव्हा परत फिरायला आणि पुढे जायला सारखीच वाट उरली होती.

माहेरी पोचलो तेव्हा मामा दारातच बसला होता. पाय धुवून मी आईजवळ टेकले, आणि मग त्याला दातवाल्याचं विचारलं. पांढरा अंगरखा, मऊ बोलणं, निळा पडदा. मामाने हातातली सुपारी खाली ठेवली.

तो सांगायला लागला ते असं. हा माणूस अकोल्यात आला तेव्हा त्याचंही असंच नाव झालं होतं. तो लेकरांना गुळात कालवून काहीतरी चाटवायचा. लेकरू गुंगायचं आणि मग तो दात काढायचा. आधी एका मुलीचा जबडा मोडला. लोक म्हणाले, पोरगी हलली असेल. मग एका मुलाला दोन दिवस भ्रम झाला, तो भिंतीवरच्या मुंग्या वेचत बसायचा, आणि भिंतीवर मुंग्या नव्हत्या. लोक म्हणाले, ताप डोक्यात गेला. मग पलीकडच्या आळीतला एक मुलगा निजला तो उठलाच नाही. तेव्हा पंच बसले. त्याच्या गाठोड्यात धोतऱ्याचं बी निघालं.

मी विचारलं, मग काय केलं त्याचं?

मामा म्हणाला, हत्यारं हिसकून घेतली, सगळ्यांसमोर नाक घासायला लावलं, आणि देवापुढे शपथ घ्यायला लावली की अकोल्यात पुन्हा कोणाच्या दाताला हात लावणार नाही.

"अकोल्यात?" मी म्हटलं.

मामाने सुपारी पुन्हा उचलली. मग हळू म्हणाला, "अमरावतीचं नाव कोणी घेतलंच नाई, पोरी. आमच्या गावातून गेला, आमाले वाटलं काम झालं."

निजून न उठलेल्या त्या मुलाच्या आईला मी भेटले. मामी नको म्हणत होती, पण मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं. ती अंगणात ज्वारी पाखडत होती. मी कोण, कुठली, हे सांगितल्यावरही तिचं सूप थांबलं नाही. तिने सांगितलं की मुलाला घरी आणलं तेव्हा तो इतका शांत दिसत होता की सगळ्यांना बरं वाटलं. कितीतरी रात्री तो दुखण्याने निजला नव्हता.

"झोपमोड होईन म्हणून आमी त्याले हाक मारली नाई," ती म्हणाली. "कुत्रं भुकलं तं त्याले हाकललं. मी स्वतः हाकललं."

मी आईच्या पाया पडले आणि त्याच दिवशी दादाला गाडी जुंपायला लावली. परतीच्या वाटेवर आम्ही मुक्काम असे केलेच नाहीत. बैलांना विसावा देण्यापुरतं थांबायचं, की पुढे. मला धीर द्यावा म्हणून दादा म्हणत होता, त्यांनी शब्द दिला आहे, ते नेणार नाहीत. मी हो म्हणत होते. पण मला माझी पोरगी ठाऊक होती. दुखायला लागलं की ती ओरडायची नाही. गुडघे पोटाशी घेऊन बारीक कण्हत राहायची, आणि ते ऐकून दगडालाही शब्द पाळता आला नसता.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार होती. अंगणात कोणी नव्हतं. कोंबड्या टोपलीखाली झाकल्या होत्या. सासूबाई दारात आल्या आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "कालपासून निजली हाये. आत्ता कुठं सुख पडलं तिले."

मी त्यांना बाजूला सारून उंबरा ओलांडला. आत पोरगी गोधडीवर उताणी होती. गाल अजून सुजलेला, ओठांच्या कडेला सुकलेलं रक्त. अंग तव्यासारखं तापलेलं, पण घामाचा थेंब नाही. मी तिची पापणी वर केली. डोळ्याची बाहुली इतकी पसरली होती की डोळा सगळा काळाच दिसत होता, आणि तो कोणालाच पाहत नव्हता.

मी तिला हाक मारली. घरातल्या कोणी इतक्या मोठ्याने माझा आवाज कधी ऐकला नसेल. सासूबाई रडायला लागल्या. मालक मळ्यातून धावत आले आणि दारातच उभे राहिले. त्यांना काही विचारायची गरज नव्हती. रात्रभर तिचं कण्हणं ऐकून आदल्या दिवशी सकाळी त्यांनीच तिला खांद्यावर त्याच्याकडे नेलं होतं.

दादा आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या वैद्याला घेऊन आला. धोतरा म्हटल्याबरोबर वैद्य म्हणाला, सरकी आणा. सरकी त्या वर्षी रस्त्यावर पडलेली असायची. ती कुटून त्याचा काढा केला. दात घट्ट मिटलेले नव्हते एवढंच नशीब; त्याने कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब तिच्या जिभेवर सोडला, मध्ये थांबायचा, घास गिळल्यासारखा गळा हलला की पुन्हा सोडायचा. मला म्हणाला, तुमी फक्त तिले हाका मारत राहा. मी मारत राहिले. नावाने, लाडाने, रागाने. घसा बसला तेव्हा मालक मारायला लागले.

दिवस कलायच्या सुमाराला तिचा हात हलला. तिने हवेतून काहीतरी चिमटीत धरलं आणि बाजूला ठेवलं. मग पुन्हा धरलं. ती पुटपुटायला लागली, शेवंतीला किडे लागले म्हणून. मला अकोल्याचा मुंग्या वेचणारा मुलगा आठवला आणि मी वैद्याकडे पाहिलं.

"बडबडू द्या," तो म्हणाला. "परत येऊन राहिली."

ती परत आली. पूर्ण यायला पुढचा सगळा दिवस गेला. सरकीने आली की तिच्या आयुष्याच्या दोरीने, हे मला आजही सांगता येत नाही, वैद्यालाही सांगता आलं नाही. दातवाल्याने दाढ वरून मोडून काढली होती, मुळं आतच होती. ती सुटायला उन्हाळा उजाडला, आणि गालावर खड्डा राहिला तो राहिलाच.

ती शुद्धीवर आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी, मालक आणि दादा त्या दातवाल्याकडे गेलो. बाहेर चार-पाच बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोरच विचारलं की अकोल्यात नाक कोणी घासलं होतं. मला वाटलं होतं तो नाकारेल. त्याने हात पुसले आणि मऊ आवाजात उत्तर दिलं.

"अकोल्याचं मी अकोल्यात भोगलं. इथं माह्यावर काय हाये?"

दोन बाया उठून गेल्या. बाकीच्या बसूनच राहिल्या. एक तर मला म्हणाली की माह्या पोराचा दात यानंच काढला, काई झालं नाई.

आमच्या पंचांनी त्याला बोलावलं, पण ते दिवस कापसाचे होते. एकाचं लक्ष गाड्यांकडे, दुसऱ्याचं तोलाकडे. त्यांनी दादाचं ऐकलं, वैद्याचं ऐकलं आणि त्याला गाव सोडायला सांगितलं. मी बाजूला बायकांमध्ये उभी होते. बाईने तिथं बोलायची रीत नव्हती, तरी मी विचारलं, इथून तो कुठं जाईल?

एक वडीलधारा पंच म्हणाला, "आपल्या हद्दीतून गेला म्हणजे झालं ना, बाई?" मामासारखाच चांगला माणूस होता तो, आणि शब्दही जवळजवळ मामाचेच.

मग जे जमलं ते मी केलं. भाजीची टोपली घेऊन रोज गाड्यांच्या अड्ड्यावर बसायला लागले. वरूडचा, पातूरचा, कुठलाही गाडीवान भाजी घ्यायला आला की त्याला सांगायचे: पांढरा अंगरखा, मऊ बोलणं, लेकराला गूळ चाटवतो. तुमच्या गावात आला तर आधी विचारा, कुठून आला आणि तिथून काहून निघाला. आणि त्याच्या सांगण्यावर जाऊ नका, त्या गावच्या माणसाला विचारा. काही जण ऐकायचे. काही जण हसायचे आणि वांगी पारखायचे.

कौंडण्यपूरची जत्रा झाल्यावर तिकडून आलेला एक गाडीवान माझ्यासमोर थांबला. तुमी सांगता तसा माणूस दिसला होता, म्हणाला. पण अंगरखा भगवा होता, दाढी वाढवली होती. जत्रा उठल्यावर तो नावेत बसून वर्धा नदीच्या पलीकडे गेला.

पलीकडे सांगून ठेवायला माझ्या माहेरचं कोणी नव्हतं.