आखाजीच्या दुपारी ओल्या झालेल्या काचा

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आमचं घर बौद्ध. उतारे, अंगात येणं, लिंबू-मिरची... यातलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. त्यात मी इलेक्ट्रिकल इंजिनीअर. कुणी असा किस्सा सांगू लागलं की मी तोंडावर हसायचे. आज मीच लिहितेय, आणि खरं सांगू? लिहिताना भीतीपेक्षा लाज जास्त वाटतेय.

मी मूळची जळगावची. नोकरी साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या अलीकडे माळावर पसरलेल्या एका सोलर प्रकल्पात. पूर्वी तिथे बाजरी व्हायची, आता नजर जाईल तिथे काचाच काचा. त्या पुसणाऱ्या बायकांमध्ये एक होत्या दगूअक्का. साठीच्या, बारीक अंगाच्या, मला कायम ‘बेटा’ म्हणायच्या. ब्लॉक चार जिथे आहे तिथे पूर्वी त्यांचं शेत होतं. त्यांच्या नवऱ्याने तिथे स्वतः विहीर खणली होती. प्रकल्प आला तेव्हा ती बुजवली.

आपल्याकडे खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. विहीर होती तोवर अक्का गेलेल्या नवऱ्याची घागर दरवर्षी तिच्याच काठावर ठेवायच्या. आठवडाभर आधी त्या मला म्हणाल्या, “बेटा, तठे मना मालकनी खंदेल इहीर व्हती. आखाजीले घागर ठेवू द्या. पाचच मिनिटं.”

“पाच काय, दहा मिनिटं ठेवा अक्का! मी आहे ना,” असं मी अगदी छाती ठोकून सांगितलं.

आणि नेमके आखाजीलाच हेड ऑफिसचे साहेब आले! अकराच्या सुमारास मी त्यांना गेटवरून आत आणत होते, तर अक्का समोर उभ्या. नवं लुगडं, डोक्यावर घागर, हातात सांजोऱ्यांची पुरचुंडी. साहेबांनी विचारलं, “हे काय चाललंय?”

“आज नाही अक्का, उद्या या,” मी घाईघाईने म्हणाले.

“आखाजी आज शे बेटा. सकाय कशी ठेवू? तुम्हीच हां म्हनेल व्हतं ना?”

साहेब माझ्याकडे बघत होते. बाकीच्या बायका, वॉचमनभाऊ, सगळे बघत होते. आणि मी बोलून गेले — “मी असं काही म्हणालेच नव्हते.”

अक्कांनी डोक्यावरची घागर सावरली आणि वळल्या. गेटबाहेरच्या बाभळीखाली जाऊन बसल्या.

दुपारी साडेबाराला आम्ही कंट्रोल रूममध्ये होतो. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. काचा फार तापल्या की वीज थोडी कमीच मिळते, त्यामुळे स्क्रीनवर सगळ्या रांगा जरा उतरलेल्या. फक्त ब्लॉक चारमधली एक रांग वर! साहेब म्हणाले, “चला, बघू या.”

तिथे, बुजवलेल्या विहिरीच्या जागेवरच्या सहा काचा ओल्या होत्या. ओल्या म्हणजे निथळत होत्या हो! कडांवरून पाणी टपटपत होतं. मी हात लावला... गार. माठातल्या पाण्यासारखं गार. शेजारच्या काचेला बोट लावलं तर चटका बसला. काचा धुणं पहाटेच उरकलेलं, त्यानंतर टँकर आलेलाच नाही, आकाशात ढगाचा ठिपका नाही. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर तडा जातो. इथे साधा ओरखडा नव्हता.

माझं डोकंच फिरलं. ही अक्काच! कुठूनतरी आत शिरली आणि घागर ओतून गेली. मी तरातरा गेटवर गेले, साहेब मागून. लांबूनच ओरडले, “अक्का, घागर दाखवा! रिकामी केलीत ना?”

त्यांनी वरचं फडकं काढलं. घागर काठोकाठ भरलेली. वॉचमनभाऊ पुटपुटले, “मॅडम, त्या इथून हलल्याच नाहीत.” नंतर मी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंगही दोनदा पाहिलं. ब्लॉक चारकडे कुणीही फिरकलं नव्हतं.

तरी मी माफी मागितली नाही. वळले आणि साहेबांना चहाला घेऊन गेले. कसली माणसं असतो ना आपण!

चार दिवसांनी त्यांच्या घरी गेले. दारात उभी राहून त्या पाण्याबद्दलच बडबडत राहिले. कुठून आलं असेल, कसं आलं असेल... अक्कांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “पानी कथाइन उनं ते मालेबी माहीत नही. पन बठ्ठासमोर तुम्ही माले खोटी पाडी, त्यानं काय?”

सगळ्यांसमोर खोटं पाडलं ते पाडलंच होतं; मी ‘येते अक्का’ म्हणून निघाले.

त्या काचा, वायरिंग, खालची जमीन, सगळं तपासून झालं. कारण सापडलेलं नाही, सापडेल असं वाटतही नाही. तो किस्सा मी निदान पन्नास जणांना रंगवून सांगितला असेल. पण गेटवर त्याच माणसांसमोर उभं राहून ‘अक्का खरं बोलत होत्या’ एवढं चार शब्दांचं वाक्य म्हणायला माझी जीभ अजून उचललेली नाही.