हरकतीवरची सही

ऐंशी सालच्या आसपास आम्ही वर्ध्यात, नालवाडीच्या अंगाला राहत होतो. घरामागे तळं होतं. त्यात बेशरमाची झुडपं इतकी माजली होती की पाणी दिसत नसे. वस्तीतले लोक दर रविवारी चिखलात उतरून ती उपटत. मीही उतरायचो. आणि सोमवारी कचेरीत बसून तेच तळं बुजवून प्लॉट पाडायची फाइल पुढे सरकवायचो. मी कारकून होतो. ती फाइल माझ्याकडे आहे, हे फक्त बायकोला ठाऊक होतं.

पुढे जाहीर नोटीस लागली. शेजारचे मास्तर हरकतीचा अर्ज लिहून सह्यांसाठी घरी आले. मी पेन हातात घेतलं, पण सही होईना. केली तर नोकरीवर गदा, न केली तर शेजाऱ्यांना तोंड कसं दाखवू?

बायकोने माझ्या हातातून पेन घेतलं.

"नोकरी तुमाले हाये, मले नाई," ती म्हणाली आणि तिने पूर्ण नावाने सही केली.

अर्ज माझ्याच टेबलावर आला. साहेबांनी सह्या वाचता वाचता विचारलं, "ही कोण?"

"माझी बायको."

"आणि तुमची सही?"

मी फाइल त्यांच्यापुढे सरकवली. साहेबांनी अर्ज फाइलला लावला.

त्या हरकतीमुळे अर्धं तळं वाचलं, अर्धं बुजलं. पुढच्या रविवारी मास्तरांनी नेहमीसारखी हाक मारली. "येतो," म्हणालो, आणि दार लावून घरातच बसून राहिलो.