कानांचा माळा

ज्याने डोळ्यांना पापण्या दिल्या आणि जिभेला दातांची राखण दिली, पण कानांना मात्र दार म्हणून ठेवले नाही, त्या दयाघनाला आधी दंडवत. देवा, माणूस झोपला तरी त्याचा कान उंबऱ्यावर बसून असतो. बुद्धीचा दिवा मालवला, नाती विसरली, स्वतःचे नाव विसरले, तरी ती एक वाट तू उघडी ठेवतोस. का ठेवतोस, हे तुलाच ठाऊक. आम्ही एवढेच जाणतो की हाक मारायची झाली तर याच वाटेने मारावी लागते. त्या वाटेच्या धन्याला स्मरून तेउनिस फान ओमेरेन नावाच्या एका साध्या माणसाची कथा सांगतो.

दूर परदेशात, वाल नदीच्या बांधाखाली, चेरीच्या बागांच्या गावात, तेउनिसचे दुकान होते. रेडिओ, दूरचित्रवाणी, धुलाईयंत्र, जे बिघडेल ते त्याच्या टेबलावर यायचे. यंत्र उघडण्याआधी तो त्याला कान लावायचा. गावकरी थट्टा करायचे, "तेउनिस डॉक्टर आहे, फक्त त्याचे पेशंट बिल बघून ओरडत नाहीत." त्याची बायको आर्त्ये गल्ल्यावर बसायची आणि म्हणायची, "माझं दुखणं मात्र याला कधी ऐकू येत नाही. मला एक प्लग बसवून घ्यायला हवा."

दुकान कायमचे बंद केल्यावर तेउनिसने एक संकेतस्थळ काढले. त्याला नाव दिले, कानांचा माळा. पान उघडले की एका माळ्याचे चित्र दिसे, आणि माळ्यावर अडगळ. अडगळीतल्या वस्तूवर बोट टेकवावे आणि तिचा आवाज ऐकावा. तबकडीचा दूरध्वनी आकडा फिरवून परत येतानाची घरघर. इंटरनेट जोडताना मोडेमने घातलेला तो भुताटकीचा आरडाओरडा. कॅसेट मागे फिरवताना होणारी चिवचिव. स्लाइड बदलणाऱ्या प्रोजेक्टरचा खटका. ओळ संपल्याची टाइपरायटरची घंटी. जग हसत हसत तिथे यायचे. ब्राझीलमधून कोणी लिहायचे, 'तुमचा मोडेम ऐकून माझी आई नाचली.' जपानमधून कोणी विचारायचे, 'तुमच्याकडे भात शिजवायच्या कुकरचा आवाज का नाही?' तेउनिस प्रत्येकाला उत्तर द्यायचा. देवाच्या दारात जसा कोणी पायपुसणे झटकून ठेवतो, तशा निगुतीने तो ते पान झटकून ठेवायचा.

त्या माळ्याच्या एका कोपऱ्यात आर्त्येच्या स्वयंपाकघरातली कॉफीची चक्की होती. भिंतीवर अडकवलेली, चिनीमातीच्या डब्याची, हाताने फिरवायची.

मग आर्त्येचे मन हळूहळू सांडू लागले. आधी चाव्या, मग नाती, मग दिवस. शेवटी तिला गावाबाहेरच्या वृद्धगृहात ठेवावे लागले. तिथे ती जेवेना. घास पुढे आला की ओठ मिटायचे, आणि मिटलेले ओठ कोणाच्या बापाला उघडायचे नाहीत. एका दुपारी तेउनिस तिच्याजवळ बसून, मन रमावे म्हणून, फोनवर आपले संकेतस्थळ चाळत होता. बोट चक्कीवर पडले. घर्र, घर्र, घर्र. आणि आर्त्येचे ओठ सुटले! तिने मान वर केली, जणू शेजारच्या खोलीतून कोणी ओळखीचे माणूस आले. परिचारिका हिलेका चपळ बाई. तिने त्याच क्षणी चमचा आत सरकवला.

त्या दिवसापासून तीच रीत झाली. तेउनिसने चक्की लावायची, हिलेकाने चमचा धरायचा. गोड दुधाची खीर, बटाट्याचा लगदा, सगळे त्या घरघरीवर स्वार होऊन आर्त्येच्या पोटात जायचे.

आता चूक सांगतो, आणि ती चूक त्या देशातलाच माणूस करू शकतो.

एप्रिलच्या शेवटी राजाचा वाढदिवस येतो. त्या दिवशी सारे गाव नारिंगी होते आणि घराघरातला माळा रस्त्यावर येतो. जो तो दारापुढे चादर अंथरून आपली अडगळ विकतो. अडगळ साठवणे तिथे आळशीपणाचे लक्षण, आणि आळशीपणा पापाचा धाकटा भाऊ. तेउनिस आयुष्यभर नीटनेटका. त्यानेही चादर अंथरली, आणि तिच्यावर आपला जुना संगणक आणि आवाज साठवलेल्या चंदेरी सीडी-तबकड्यांनी भरलेले खोके ठेवले. मुलगी विलमाइन उट्रेख्टहून आली होती. तिने विचारले सुद्धा, "बाबा, हे विकतोयस? लागलं तर?"

"लागायचं काय त्यात? सगळं संकेतस्थळावर आहे. तिथे धूळ बसत नाही आणि तुझ्या आईसारखं कोणी 'हे कुठे ठेवू' म्हणून ओरडत नाही."

बारेंड नावाचा चेरीवाला, तेउनिसचा शाळासोबती, घासाघीस करून ते सगळे किरकोळ पैशांत घेऊन गेला.

जूनमध्ये तेउनिसने वृद्धगृहात फोन काढला, बोट टेकवले, आणि पांढरे पान आले. पुन्हा टेकवले. पांढरेच. ज्या छोट्या कंपनीच्या यंत्रांवर त्याचे संकेतस्थळ उभे होते, ती कंपनी गाशा गुंडाळून गेली होती. सूचना पाठवल्या होत्या, पण तेउनिसने केव्हाच बंद केलेल्या जुन्या ईमेल पत्त्यावर. नीटनेटक्या माणसाने तो पत्ताही झाडून टाकला होता ना!

आर्त्येचे ओठ मिटले.

पहिल्या दिवशी हिलेका म्हणाली, "उद्या खातील." पुढे तिने तसे म्हणणे सोडले. आठवड्याच्या शेवटी तिने तेउनिसला बाहेरच्या बाकावर नेले. "तेउनिस, मी आडपडदा ठेवणार नाही. डॉक्टर म्हणतात, इथे कोणाला नाक दाबून भरवत नाहीत. बाई घोटभर पाणी घेताहेत तोवर आपण वाट बघू. त्यानंतर त्यांना शांत जाऊ द्यायचं."

"ती जायला निघालेली नाही, हिलेका. ती कोणाची तरी वाट बघत्येय."

"असेल. पण शरीर वाट बघत नाही हो."

विलमाइनने इंटरनेटचा तळ ढवळला. जुनी पाने जपून ठेवणाऱ्या एका ठिकाणी माळ्याचे चित्र सापडले. अडगळ सगळी जागच्या जागी, पण बोट टेकवले तर मुकी. प्राण गेलेल्या देहासारखे ते चित्र पाहून तेउनिसने फोन पालथा ठेवला आणि सायकल काढली.

बारेंडच्या बागेत चेरी लाल झाल्या होत्या. तेउनिस धापा टाकत आत शिरला.

"बारेंड, तो संगणक!"

"अरे, आधी दम घे. संगणक नातवंडांनी पुसून नवा केला, त्यावर आता मोटारी पळवतात. का रे, पैसे परत हवेत की काय? विकलेला माल परत नाही!" बारेंड हसला. मग त्याने मित्राचे तोंड पाहिले, आणि त्याचे हसू मावळले.

"आणि तबकड्या?"

बारेंडने फक्त वर पाहिले. तेउनिसनेही वर पाहिले. फांदीफांदीला दोरीने बांधलेल्या तबकड्या वाऱ्यावर गिरक्या घेत होत्या, उन्हात लखलखत होत्या. मैना चेरीवर येऊ नयेत म्हणून. तबकडीचा दूरध्वनी, टाइपरायटर, मोडेम, सगळे झाडाला टांगलेले. जे आवाज ऐकायला जग गोळा व्हायचे, त्यांच्याकडून बारेंड पाखरे हाकलत होता.

दोघे म्हातारे शिडी लावून चढले. एकेक तबकडी उतरवली. ऊन-पावसाने त्यांची चंदेरी कातडी पापुद्र्यांनी सुटली होती. तेउनिसने चक्कीची तबकडी ओळखली. तिच्यावर आर्त्येच्या हाताने चक्कीचे चित्र काढलेले होते. त्याने ती सदऱ्याला पुसली, आणि पुसता पुसता तिच्यावरचे उरलेसुरले चंदेरी पान त्याच्या अंगठ्याला चिकटून आले. हातात काचेसारखा पारदर्शक चकतीचा तुकडा राहिला. त्यातून पलीकडची झाडे दिसत होती.

"मला काय ठाऊक रे," बारेंड पुटपुटला. त्याने घरातून कॉफी आणली, बिस्किटांचा डबा उघडला, आणि एकच बिस्किट देऊन झाकण लावायची तिथली काटकसरी रीत जन्मात पहिल्यांदा विसरला.

घरी येऊन तेउनिस स्वयंपाकघरात उभा राहिला. भिंतीवर खरी चक्की होतीच की! डोके आपटून घ्यावे असे त्याला झाले. प्रतिमेसाठी रडत होतो आणि मूर्ती घरातच! त्याने चक्कीचे स्क्रू काढले, तिला उशीसारखी छातीशी धरली आणि वृद्धगृह गाठले. हिलेकाने चक्की टेबलाला दाबून धरली. तेउनिसने दाणे टाकले आणि दांडा फिरवला. घर्र, घर्र, घर्र. तीच चक्की, तोच आवाज, खोलीभर कॉफीचा तोच दरवळ.

आर्त्येने मान वळवली. चक्कीकडे पाहिले, चक्कीच्या मागे पाहिले, तेउनिसच्या आरपार पाहिले. मग फार दिवसांनी ती बोलली. "तिथे कोणीच नाही," ती म्हणाली, आणि तिने भिंतीकडे तोंड केले.

तेउनिसने दांडा सोडला. त्या तीन शब्दांनी एक जुनी सकाळ उघडली. तो आवाज ध्वनिमुद्रित करताना आर्त्येच चक्की फिरवत होती, आणि चक्की फिरवताना ती चर्चमधले स्तोत्र गुणगुणायची, तोंड मिटून, हळू, सवयीने. आपल्याकडे जात्याला ओवी असते, तशी तिच्या चक्कीला स्तोत्राची साथ होती. तेउनिस तेव्हा म्हणाला होता, "आर्त्ये, गप्प राहा ना, यंत्र ऐकू दे!" आणि ती म्हणाली होती, "दाणे संपले, पुन्हा दळता येणार नाही. आता यंत्राला माझ्यासकट घे." पुढे इतकी वर्षे त्याने तो आवाज ऐकला, जगाला ऐकवला, पण यंत्राच्या वेडापायी त्या गुणगुणण्याकडे त्याचा कान कधी गेलाच नाही. आर्त्येचा मात्र गेला होता. ती त्या आवाजात आपल्या स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईला ओळखत होती.

त्याने दांडा पुन्हा फिरवला आणि तो स्वतः गाऊ लागला. घसा बसलेला, सूर फाटलेला. आर्त्येने कान झाकून घेतले. हिलेकाने हळूच त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "पुरे आता. घरी जा."

त्या रात्री विलमाइनने बाबांचा फोन नंबर देऊन इंटरनेटवरून जगाला साद घातली: कानांच्या माळ्यावरचा चक्कीचा आवाज कोणी उतरवून घेतला आहे का? आईसाठी हवा आहे. सकाळपासून उत्तरे आली. कोणाकडे मोडेम, कोणाकडे कॅसेट, कोणाकडे टाइपरायटरची घंटी. माया तर सगळ्यांकडे होती, चक्की कोणाकडेच नव्हती. तेउनिस प्रत्येक उत्तर वाचायचा आणि म्हणायचा, "देवा, तू पाठवलंस खरं, पण चुकीचं पार्सल."

आर्त्ये आता पाणीही घेईना. विलमाइन उशाशी बसली होती. तेवढ्यात तेउनिसचा फोन वाजला.

"चक्कीवाले तुम्हीच का?" पलीकडून घोगरा आवाज आला. "मी सिक्को, ग्रोनिंगेनचा. ट्रक चालवतो. अहो, तुमची चक्की माझा गजर आहे! कित्येक वर्षं. बायको म्हणते, या जात्यापायी मी तुला सोडेन. पण एक सांगू का, अख्खी नाही हं. गजर लहान असतो, तेवढाच तुकडा कापून घेतलेला."

"त्यात..." तेउनिसने फोन कानाशी दाबला. "त्यात मागे कोणी गातं का?"

"गातं ना! मला वाटायचं, तुमचा रेडिओ चालू राहिलाय. त्या बाईमुळेच तर ठेवलाय गजर. तिच्यामुळे पहाट आहे असं वाटतं. पाठवू का?"

तेउनिसने फोन विलमाइनकडे दिला. ती म्हणाली, "पाठवा, काका. आत्ता पाठवा."

हिलेका खीर घेऊन आली. तेउनिसने फोन आर्त्येच्या उशीवर ठेवला. घर्र, घर्र, घर्र, आणि त्या घरघरीखाली, पाण्याखाली दिवा तेवावा तसे, एका बाईचे गुणगुणणे. आर्त्येचे डोळे उघडले. सूर चढत गेला, ओळीच्या मध्यावर आला, आणि तिथेच तुटला. सिक्कोने कापला होता तिथेच. हिलेकाचा चमचा हवेत थांबला.

आणि त्या तुटल्या जागेतून, कोरड्या ओठांमधून, आर्त्येने उरलेली ओळ उचलली. तोंड मिटून, हळू, सवयीने, शेवटच्या सुरापर्यंत. सूर संपला तसा श्वास घ्यायला तिचे ओठ उघडले, आणि चमचा आत गेला.

तेउनिसने पुन्हा बोट टेकवले. चक्की अर्ध्यावर यायची, पुढचे अर्धे आर्त्ये गायची, आणि दर ओळीला एक घास. वाटी निम्मी झाली. तिने तेउनिसला ओळखले नाही. त्याच्याकडे पाहून ती एवढेच म्हणाली, "जरा गप्प राहा ना, ऐकू दे."

"राहतो," तेउनिस म्हणाला, आणि रडतही गप्पच राहिला.

हे कानांच्या धन्या, त्या घराच्या भिंतीवर चक्की परत लागो. तिच्यात दाणे असोत, दांड्यावर प्रेमाचा हात असो. आर्त्येच्या ओठांना रोज एक सूर आणि त्या सुरामागे एक घास मिळो. तेउनिसच्या कानाला यंत्रामागचे माणूस ऐकू येत राहो. लेकीचे घर भरलेले असो, बारेंडच्या बागेत पाखरांनाही दोन चेरी सुटोत, आणि लांबच्या रस्त्यावर पहाटे उठणाऱ्या त्या ट्रकवाल्याचा गजर कधी बंद न पडो. तुझी उघडी वाट त्या सगळ्यांसाठी उघडीच राहो. कल्याण असो!