विमलाकाकूंची रविवारची जागा

झाडगावात आमच्या घराला लागून मायदेवांचं घर. शाळेतून परत येताना आधी त्यांची ओटी लागायची, मग आमची पायरी. संध्याकाळी त्या ओटीवर विमलाकाकू झोपाळ्यावर बसून काहीतरी निवडत असायच्या. मला बघून म्हणायच्या, "आलीस कमळे? मुलांनी आज किती रक्त प्यायलं?" एवढ्यावर माझा शिणवटा निम्मा उतरायचा.

काकू केळशीच्या. बांध्याने लहानखुऱ्या, पण भिणाऱ्यातल्या नव्हेत. एकदा न्हाणीघरात विषारी फुरसं निघालं, तर त्यांनी ते खराट्याखाली दाबून धरलं आणि नवऱ्याला हाक मारली, "अहो, काठी आणा. सावकाश आणलीत तरी चालेल." ही गोष्ट आमच्या आळीत पुढे कितीतरी वर्षं सांगितली जायची. अशा बाईला मी दोन वर्षं भ्यायलेली पाहिली आणि भ्यायलेली असूनही दर रविवारी एकाच जागी येऊन बसताना पाहिली. म्हणून तर हे लिहायला घेतलं.

तो झोपाळा त्यांच्या सासऱ्यांच्या वेळचा. फणसाची जाड फळी, बसून बसून काळी आणि गुळगुळीत झालेली, चार कोपऱ्यांना चार साखळ्या. उचलायला दोन पुरुष लागत. आमच्याकडे झोपाळा उगाच उतरवत नाहीत. घरात कोणी गेलं की तो कड्यांवरून काढून भिंतीला उभा करायचा, सुतक फिटलं की परत टांगायचा. काकूंनी तो तसा दोनदा भिंतीला उभा पाहिला होता, सासऱ्यांच्या वेळी आणि सासूबाईंच्या वेळी. त्यामुळे झोपाळा उतरवायचा हा शब्दसुद्धा त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती.

त्यांचे यजमान अण्णा कोर्टात बेलीफ होते. जप्त्या करून करून माणसाला एक सवय लागते, घरात शिरलं की आधी वस्तू दिसतात, मग माणसं. अण्णांच्या खिशात कायम मापाची टेप. दुसऱ्याच्या घरी चहा पितानासुद्धा त्यांची नजर कपाटाच्या उंचीवर असायची. माणूस वाईट नव्हता हो. दिलेला शब्द कधी मोडला नाही, हे त्यांचं वैर धरणारेही कबूल करायचे. पण आपण घेतलेलं माप चुकू शकतं, हे मात्र त्यांना मरेपर्यंत पटलं नाही. हे मी शब्दशः म्हणते आहे.

पंच्याऐंशी साली त्यांच्या मुलाने, श्यामने, मुंबईहून टीव्ही पाठवला. तो येणार असं पत्रातून कळल्यापासून अण्णांना स्टँडचा ध्यास लागला. टीव्ही टेबलावर ठेवणं त्यांना कमीपणाचं वाटे. स्टँड हवा, खाली खण हवेत, पुढे सरकती दारं हवीत. पुढेमागे श्याम मोठा रंगीत टीव्ही पाठवेल, तर तोही बसला पाहिजे. आणि उंची अशी हवी की ओटी भरली तरी अंगणात उभ्या असलेल्या माणसालाही चित्र दिसलं पाहिजे. थोडक्यात, टीव्ही वीस इंची आणि स्टँड घराण्याच्या इभ्रतीच्या मापाचा.

माप त्यांनी घेतलं गणपतीच्या आधी, ओटीला सफेदीचा चुना काढायच्या दिवशी. चुना काढताना भिंतीपर्यंत हात पोचावा म्हणून आम्ही सगळेच त्या एका दिवसापुरता झोपाळा वर ओढून तुळईला बांधून ठेवतो. ओटी अशी मोकळी पडलेली, आणि अण्णा त्या मोकळ्या ओटीत टेप लावत फिरले. काकूंनी आतून विचारलं होतं, "झोपाळा धरलात ना हो मापात?" अण्णा म्हणाले की मला शिकवू नकोस. मग ते माप घेऊन हातखंब्याला रावजी सुताराकडे गेले. रावजीने सांगितल्याबरहुकूम सागवानी स्टँड करून टेम्पोतून पाठवला.

झोपाळा पुन्हा वर बांधून स्टँड जागेवर लावला. अण्णा दोन पावलं मागे सरून बघत राहिले. मग झोपाळा खाली सोडला आणि काकू रोजच्यासारख्या बसून पायाने रेटा देतात तोच फळी स्टँडच्या दारावर धाडकन आदळली. नवीन पॉलिशवर पांढरा ओरखडा उठला. काकू उतरल्या, साखळी धरून झोपाळा थांबवला आणि आत गेल्या. मी दारात उभी होते. हसू येण्यासारखीच गोष्ट होती, पण मला हसू आलं नाही.

आता मार्ग दोन होते. रावजीला बोलावून स्टँड कापून घ्यायचा, नाहीतर झोपाळा काढायचा. स्टँड कापणं म्हणजे माप चुकलं हे कबूल करणं, ते अण्णांच्याने होईना. झोपाळा काढायचा म्हटल्यावर काकूंनी कानांवर हात ठेवले. घरात सगळे धडधाकट असताना झोपाळा उतरवला तर तो कोणाला तरी घेऊन जातो, असं त्यांच्या सासूबाई सांगायच्या. मी शिकलेली बाई, मीही त्यांना समजावलं नाही, कारण आमच्या घरचा झोपाळा मीही उतरवला नसता. मग अण्णांनीच तोडगा काढला. चुन्याच्या दिवशी बांधतो तसाच रविवारी सिनेमापुरता झोपाळा वर बांधायचा आणि एरवी खाली सोडून, झोका न घेता नुसतं बसता यावं असा भिंतीच्या खुंटीला अडकवायचा. दोघांचंही राहिलं. अशा तोडग्यांची मला तेव्हापासून चीड आहे.

रविवारी संध्याकाळी आळीतली झाडून सगळी माणसं मायदेवांच्या ओटीवर. गंगुबाई नातवंडांचं लटांबर घेऊन यायची, खालच्या वाडीतल्या बाया पायरीवर, पुरुष अंगणात. अण्णा स्टँडशेजारी खुर्चीत, देवळातल्या पंचासारखे. आणि वर तुळईला, दोन्ही टोकांना काथ्याच्या दोराने आवळलेली ती फळी, साखळ्या सैल लोंबत असलेली. खाली माणसं मांडीला मांडी लावून बसलेली, सगळ्यांचे डोळे समोर. वर बघत होत्या त्या एकट्या काकू.

पहिल्याच रविवारी त्या स्वयंपाकघरातून उठून आल्या आणि बरोबर फळीखाली बसल्या. नुसत्या बसल्या नाहीत, डावीकडे सूप ठेवलं, उजवीकडे आमसुलांची परात, पुढे पाट. त्या पसाऱ्यात दुसऱ्या कोणाला शिरायला जागाच नव्हती. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही. हळूहळू कुजबुज सुरू झाली. घरचा टीव्ही म्हणून काय झालं, मधली जागा अडवून बसतात, मुलांना पाय पसरू देत नाहीत. गंगुबाई तर तोंडावर म्हणाली की काकू, तुम्ही सिनेमा बघत नाही तर मागे बसा. काकू हसल्या आणि आमसुलं निवडत राहिल्या.

मला त्यांनी विहिरीवर सांगितलं. "अण्णा म्हणतात, साखळ्या आहेत, दोर तुटला तरी फळी भुईवर पडणार नाही. खरं आहे. दीड हातावर थांबेल. पण खाली बसलेल्या माणसाचं डोकं कुठे येतं, सांग मला." मग त्या म्हणाल्या, "कोणाच्या पोरावर पडण्यापेक्षा माझ्यावर पडलेली बरी."

मी म्हटलं की मग लोकांना सांगून टाका ना. तर म्हणाल्या, सांगितलं की आळीत चर्चा होणार, मायदेवांचं माप चुकलं म्हणून हसणार, आणि ह्यांना ते सोसणार नाही. आयुष्यभर लोकांच्या घरात शिव्या खाल्ल्यात त्यांनी, आता चार माणसं प्रेमाने घरी येतायत. म्हणजे नवऱ्याची लाज झाकायची म्हणून ही बाई जिवावर उदार होऊन बसत होती. माझं डोकं सणकलं, पण त्यांच्यापुढे बोलायची माझी छाती नव्हती.

दर आठवड्याला फळी वर ओढायची, खाली सोडायची, याचा अण्णांना कंटाळा आला. पावसाळ्याच्या तोंडाला त्यांनी ती कायमचीच वर बांधून टाकली. झोपाळ्यावर बसणं संपलं. काकू संध्याकाळी उंबऱ्यावर बसू लागल्या. पावसाळाभर ओटीवर खारा वारा आणि ओल. दोर फुगला, काळा पडला, मग ऑक्टोबरच्या उन्हात वाळून ताठ झाला. काकू सकाळी केर काढताना फळीखालचा केर वेगळा बघायच्या. त्यात काथ्याचा भुगा असायचा. एकदा त्यांच्या अंबाड्यावरच तो पडलेला मी पाहिला आणि झटकला. त्यांनी मला बोटाने गप्प राहायची खूण केली.

अण्णांना त्यांनी सांगितलं नाही असं नाही. अण्णा स्टुलावर चढले, दोराला दोन हिसके दिले, म्हणाले की याला रेडा बांधला तरी तुटायचा नाही. नवा दोर आणणार होते. भाट्याच्या बाजारात गेले की विसरायचे. दुसरं वर्ष सरत आलं तरी दोर तोच. आम्ही सगळे त्याच्या आजूबाजूला बसून दुसऱ्यांच्या खोट्या दुःखावर डोळे पुसत होतो.

त्या दोन वर्षांत काकू रविवार धरून कुठे गेल्या नाहीत. देवरुखला भाचीचं लग्न रविवारी होतं, आदल्या दिवशी जाऊन आहेर देऊन परत आल्या. पण सत्त्याऐंशीच्या चैत्रात केळशीच्या भावाचा निरोप आला. माहेरी देवीचा उत्सव, भावाची तब्येत बरी नाही, या वेळी आलीस तर भेट होईल. जाणं भाग होतं आणि मध्ये रविवार येत होता.

त्यांनी अण्णांना विनवलं की त्या दिवशी टीव्ही लावू नका. अण्णा म्हणाले की दारात आलेल्या माणसांना काय सांगू, बायको घरी नाही म्हणून परत जा? ही बोलणी चालली तेव्हा मी तिथेच होते, त्यांच्या पिशवीत डबा भरत होते. काकूंनी पिशवी बाजूला ठेवली. मग अण्णांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मग माझ्या जागी तुम्ही बसा. खुर्चीत नाही, खाली. दुसऱ्या कोणाला बसू द्यायचं नाही. शब्द द्या."

अण्णांनी वर बघितलं, हसले, म्हणाले, "दिला."

रविवारी लोक जमले. अण्णा खुर्चीतून उठले, धोतर सावरत बरोबर फळीखाली येऊन मांडी घालून बसले. त्यांना खाली बसलेलं आळीने पहिल्यांदाच पाहिलं असेल. गंगुबाई म्हणालीसुद्धा की आज जहागीर अण्णांकडे आली. काकूंसारखा पसारा त्यांनी मांडला नव्हता. गंगुबाईचा धाकटा नातू येऊन त्यांच्या मांडीवर बसला. अण्णांनी त्याला थोडा वेळ बसू दिलं. मग मी पाहिलं, त्यांनी मान वर केली आणि बराच वेळ दोराकडे बघत राहिले. काय दिसलं त्यांना, देव जाणे. पोराला त्यांनी मांडीवरून उचललं, म्हणाले, "तिकडे कमळामावशीकडे बस रे, माझा गुडघा दुखतोय." पोर माझ्याकडे आलं. त्याच वेळी तेही उठले असते तर. पण त्यांनी शब्द दिला होता.

आवाज फार मोठा झाला नाही. दोर तुटताना नुसती फस्स झाली, मग साखळ्या खळखळल्या. फळीचं एक टोक खाली आलं, ते अण्णांच्या डोक्यात. ते पोर माझ्या मांडीवर होतं आणि टीव्हीवर गाणं चालूच होतं. ते बंद करायचं कोणालाच सुचलं नाही. हातगाडीवरून सिव्हिलला नेलं, पण अण्णा वाटेतच गेले.

काकू दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. बायकांनी रडायला सुरुवात केली. त्या रडल्या नाहीत. आधी त्यांनी गंगुबाईच्या नातवाला जवळ घेऊन त्याचं डोकं चाचपलं. मग अण्णांच्या उशाशी बसून एवढंच म्हणाल्या, "मीच बसवलं त्यांना तिथे." तुमचा काही दोष नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. मीही सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, पण पटवून घेतलं नाही. पुरुषांनी रीतीप्रमाणे झोपाळा कड्यांवरून काढला आणि भिंतीला उभा केला.

तेरावं झालं. श्याम म्हणाला की हा स्टँड मी फोडून बंबात घालतो आणि झोपाळाही कोणाला तरी देऊन टाकू. काकूंनी दोन्हीला नाही म्हटलं. त्यांनी हातखंब्याहून रावजीला बोलावणं पाठवलं. झोपाळा टांगून घेतला, साखळ्या नव्या घातल्या. रावजी खिशातून टेप काढायला लागला, तर म्हणाल्या, "टेप राहू दे. मी बसते, झोका घेते. फळी जिथवर येईल तिथे खूण कर. त्याच्या अलीकडे काही ठेवायचं नाही."

आणि कुंकू पुसलेली ती बाई, नवऱ्याच्या जिवावर उठलेल्या त्या फळीवर बसली आणि तिने पायाने रेटा दिला. एकदा, दोनदा, जेवढा जाईल तेवढा. रावजी जमिनीवर खडूने खुणा करत होता आणि बाहीने डोळे पुसत होता. स्टँडचा जवळजवळ निम्मा भाग कापून निघाला. उरला त्यावर टीव्ही व्यवस्थित बसला, वर चार बोटं जागाही राहिली.

आता रविवारी तिथे कोणी येत नाही. मी जाते. टीव्ही बंदच असतो. काकू झोका घेतात, फळी स्टँडपर्यंत जाते आणि न लागता परत येते. बोलता बोलता त्या मध्येच थांबतात आणि फळी आणि स्टँडमधल्या त्या मोकळ्या जागेकडे बघतात. मग म्हणतात, "एवढंच तर हवं होतं गं, कमळे." मी त्यांच्या हातातलं सूप घेते आणि निवडायला लागते.