गोठ्याची एक तार

शिरूरचे शेखलाल वायरमन अडतीस वर्षं लोकांच्या भिंती फोडतायत. कामावर असले की ते कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. नियम बदलले की सगळ्यांआधी तेच पाठ करतात. वीज गळाली की आपोआप पडणारा स्विच प्रत्येक घरात हवा, हे तर ते चहा पितानाही ऐकवतात.

न्हावऱ्याच्या हौसरावांच्या नव्या बंगल्यात त्यांनी तो बसवला, आणि चौथ्या दिवशी दुपारी बोलावणं आलं. दुसऱ्या दिवशी वास्तुशांती होती आणि स्विच सारखा पडत होता.

"शेखलालभाई, काढून टाका त्यो. उद्या पाचशे माणूस जेवायला हाय," हौसराव म्हणाले.

"काढायला दुसरा बघा. उगाच पडत न्हाई त्यो. वीज कुठंतरी गळतीय."

शेखलाल चिडले होते, पण हात शांत होते. एकेक लाईन बंद करत ते अशा एका बटनापाशी आले, जे त्यांनी बसवलंच नव्हतं.

"ती गोठ्याची," हौसराव अभिमानानं म्हणाले. "महिन्यामागं मीच जोडली. वायर कमी पडली, मग एकच तार ओढली. दुसरी जमिनीतनं घेतली, शेतात सगळेच घेत्यात तशी."

गोठ्यात गव्हाणीजवळ सळई ठोकलेली होती आणि तिच्या तारेचा पिळलेला सांधा कडब्यात खुपसलेला. शेखलालनी पेंढी उचलली. सांधा काळा पडला होता, धाटं करपली होती.

हौसरावांची आई विठाबाई मागं उभी होती. "महिनाभर गाय धारंला उभी राहीना. चार दिसांमागं मी नजर काढली, आन् सुधरली."

"नजर न्हवं, मावशी. गाईला जमिनीतनं झटके बसत हुते. चार दिसांमागं मी स्विच बसवला. त्यो नसता तर हा कडबा पेटला असता, आन् मग घर."

हौसरावांनी एक करपलेलं धाट उचलून बघितलं. मग घाईनं त्यांनी मळ्यातल्या घरी राहणाऱ्या सुनेला फोन लावला.

"पूनम, मेनचा खटका पाड. व्हय, आत्ता. पोरांना घिऊन बाहीर थांब."

फोन ठेवून ते शेखलालकडं वळले. "तिथंबी मीच असंच जोडलंय, भाई. सहा वर्षं झाली."

शेखलालनी वायरचं बंडल उचललं आणि हौसरावांच्या आधी गाडीत जाऊन बसले.