पप्पांच्या गाळ्यातली होडीची मोटर

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. दिवसभर व्हर्निअर घेऊन लोकांचा माल रिजेक्ट करते, आणि घरीही तीच खोड आहे असं नवरा म्हणतो. भूत, भगत, उतारा असलं काही आमच्या घरात लहानपणापासून शिरलंच नाही. आम्ही बौद्ध, आणि पप्पा तर असल्या गप्पा सुरू झाल्या की सरळ उठून जायचे. त्यामुळे या पेजवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर चहासोबत टाइमपास म्हणून वाचत आले. आज स्वतः लिहितेय, कारण... एक गोष्ट मापात बसत नाही आणि रिजेक्टही करता येत नाही.

पप्पा भोसरीतल्या एका कंपनीत लेथवर टर्नर होते. कंपनी सोडून त्यांनी स्वतःचा छोटा गाळा सुरू केला. त्या गाळ्याच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली, लाकडी घोडीवर होडीची एक जुनी मोटर टांगलेली असायची. भोसरीत होडीची मोटर! कुणी विचारलं की पप्पा म्हणायचे, "दिघीला मिलिटरीच्या भंगारात मिळाली. महायुद्धातली आहे." मी शाळेत ही फुशारकी कितीदा मारली असेन.

दसऱ्याला शेजारच्या गाळ्यांत मशिनींना झेंडूचे हार पडायचे. आमच्याकडे पूजा नाही, पण पप्पा सगळ्या मशिनी पुसून त्यांना ऑइलपेंटचा एक हात द्यायचे, मग आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जायचो. रंगाचा तो हात मोटरलाही मिळायचा. कधीच न चालवलेल्या मोटरला दर वर्षी रंग कशाला, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मागच्या वर्षी पप्पा गेले. आई आधीच गेली होती. गाळा रिकामा करायचा होता, लेथला गिऱ्हाईक मिळालं, मोटर माझ्या वाट्याला आली. महायुद्धातली म्हणजे जपायलाच हवी... पण नक्की कोणत्या सालची? कोणतं मॉडेल? सवयीने मी तपासायला बसले.

पहिलीच गोष्ट खटकली. नावाची पाटी नव्हती. पाटीच्या जागी रिव्हेटची भोकं होती, रंगाने बुजलेली, पण गंजून मोठी झालेली नव्हती. ड्रिल मारून रिव्हेट उडवलेले, कडा साफ. म्हणजे पाटी पडली नव्हती, कुणीतरी काढली होती.

दुसरी गोष्ट म्हणजे खालची फरशी ओली. एप्रिल महिना, पत्र्याखाली आम्ही भाजून निघत होतो, आणि मोटरखाली ताटाएवढी ओल. पुसली, दुसऱ्या दिवशी परत. शेजारच्या गाळ्यातले मेकॅनिक सलीमभाई म्हणाले, "टाकीत काही राहिलं असेल, ताई." टाकी उघडली तर कोरडी ठणठणीत. इंजिन तर पूर्ण जाम. सलीमभाईंनी प्लग काढला, कार्बोरेटर उतरवून टेबलावर ठेवला, फ्लायव्हीलला, म्हणजे वरच्या जड चाकाला, पाइप लावून अंगातला सगळा जोर लावला. केसभर हललं नाही.

मी जुन्या मोटरींच्या एका ग्रुपवर फोटो टाकले. रत्नागिरीच्या एका काकांचा लगेच फोन आला. "पाटी गेली म्हणून घाबरू नको गो. इंजिनच्या अंगावर नाण्याएवढं पत्र्याचं बूच बसवलेलं असतं, नंबर त्याच्यावर पण मारतात. रंग खरवड."

खरवडला. नंबर निघाला. काकांनी तो आपल्याकडच्या जुन्या यादीत शोधला आणि हसले. "महायुद्ध कसलं! ही सत्तरच्या दशकाच्या अखेरची. दोरी गुंडाळून ओढायची, साधं मॉडेल. अशा मोटरी धरणांवरच्या मच्छीमार सोसायट्यांना मिळायच्या."

धरण म्हटल्यावर मला मामा आठवला.

माझा मामा मावळात, धरणाच्या फुगवट्यावर, सोसायटीची होडी चालवायचा. मी चौथीत असताना, पावसाळ्याच्या तोंडाला, एका सकाळी होडी काठाला बांधलेली सापडली. मोटर नाही आणि मामाही नाही. गावाने निकाल लावून टाकला की मोटर विकून पळाला. तेव्हापासून मामी म्हणजे मोटरचोराची बायको. मूलबाळ नाही, ती माहेरी गेली नाही, दुसरं लग्न केलं नाही. मामा मेला असं मानून पुण्यानुमोदनाचा विधीही होऊ दिला नाही. "त्यांनी मोटर इकली न्हाई," हे एकच वाक्य ती इतकी वर्षं बोलत आलीय.

आता बघा माझी गत. ही मोटर मामाची नसेल, तर मामी मरेपर्यंत चोराची बायको. ही मोटर मामाची असेल, तर माझे पप्पा... पुढचा विचार मला करवत नव्हता. अन्न गोड लागेना. कशाला ते बूच खरवडलं, म्हणून स्वतःचाच राग आला.

शेवटी मामीला फोन केला. पप्पांच्या गाळ्यात होडीची मोटर आहे, एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "दांड्याच्या खालच्या अंगाला हात घाल. तीन खाचा हायेत का बघ. अंधारात हाताला कळावं म्हनून त्यांनी कानशीनं मारल्या व्हत्या."

मोटर वळवायच्या दांड्याखालचा रंग खरवडला. तीन खाचा होत्या.

आणि खाचांच्या कडेला रंगाचे थर दिसले. वर करडे, मधे हिरवे, सगळ्यांत खाली निळा. तो निळा मी कुठेही ओळखेन. पप्पांच्या जुन्या कंपनीतल्या मशिनींचा रंग. नोकरी सोडताना ते उरलेला डबा घेऊन आले होते, आणि गाळ्याच्या पहिल्या दसऱ्याला तो संपला. तो दसरा मी चौथीत असतानाचा. म्हणजे मामा पावसाळ्याच्या तोंडाला गेला, आणि दसऱ्याला त्याची मोटर आमच्या गाळ्यात निळी होत होती.

गुरुवारी मामी आली. भोसरीत गुरुवारी लाइट बंद, गाळ्यांना सुट्टी. भर दुपारी एवढी शांतता की पलीकडच्या खोल्यांमधल्या कुकरची शिट्टी ऐकू येत होती. मी होते आणि सलीमभाई होते. मामीने म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा मोटरवरून हात फिरवला.

"दोरी हाय का?"

"मामी, ती जाम आहे. अर्धी खोलून ठेवलीय."

"व्हय, दिसतंय मला. दे दोरी. होडीवर मीच वढायची, ते दांडा धरायचे."

सलीमभाईंनी नायलॉनची दोरी दिली. मामीने टोकाला गाठ मारली, फ्लायव्हीलच्या चरीत अडकवली, वेढे दिले, पदर खोचला आणि ओढली.

फ्लायव्हील फिरलं... घर्र करून, सहज. आणि मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार आली.

होडीची मोटर खालून पाणी ओढते, इंजिन गार करते आणि ते पाणी मागच्या भोकातून बाहेर टाकते. पण त्यासाठी ती पाण्यात असावी लागते. ही घोडीवर होती. धार माझ्या हातावर पडली. गार पाणी, धरणाच्या गाळाचा वास, आणि बोटांना चिकटलेलं शेवाळ — हिरवंगार, ताजं. सलीमभाई "या अल्लाह" म्हणत दारापर्यंत मागे गेले. मग धार थांबली. मी फ्लायव्हील धरून ओढलं, तर परत जाम.

मी ते भोक तपासलं. तिथला रंग मी खरवडलाच नव्हता. पप्पांच्या सगळ्या दसऱ्यांचे थर भोकावर शाबूत होते, सुई टोचली तरी आत जाईना. गळती शोधणं हा माझा धंदा आहे हो! ते पाणी बाहेर यायला वाटच नव्हती.

मामी रडली नाही. ओला हात तिने तोंडावरून फिरवला. "म्या म्हनत व्हते ना, त्यांनी इकली न्हाई." मग माझ्याकडे वळली. "पन दाजींनी मला सांगितलं का न्हाई गं?"

पप्पांना मोटर कुठे मिळाली? मामाने ठेवायला दिली की... त्याहून वाईट काही? लपवायचीच होती तर भंगारात वितळवून टाकता आली असती. दर वर्षी पुसून, रंग देऊन का जपली? या पाण्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि पप्पांच्या वागण्याचंही नाही. यातलं कोणतं जास्त छळतं ते तुम्ही समजून घ्या.

मोटर आम्ही टेम्पोने मामीकडे पोचवली. गाळ्यातली फरशी त्यानंतर कोरडी आहे. मामीने सोसायटीच्या जुन्या लोकांना बोलावून खाचा दाखवल्या. मी भिंतीला टेकून खाली मान घालून उभी होते, कारण पुढचा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. एका म्हाताऱ्याने तो विचारलाच. "पन वहिनी, घावली कुठं?"

मामीने माझ्याकडे पाहिलं.

"पान्यात," ती म्हणाली. गाळ्याचं नाव तिने काढलं नाही.

त्या दिवसापासून तिच्या डोळ्याला डोळा भिडवणं मला जमलेलं नाही.